‘फाइन’: नामाआधी कौतुक, क्रियापदानंतर नुसता पास

प्रश्न असा आहे. मुलगा-सून इंग्लंडमध्ये असतात म्हणून काही महिने तिकडे गेलेल्या एका ताईंना शेजारणीनं घरी जेवायला बोलावलं. निघताना ताई अगदी मनापासून म्हणाल्या, ‘द फूड वॉज फाइन.’ शेजारीण हसली, पण जेवढ्यास तेवढं. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, ‘आई, असं नाही म्हणत गं.’ ताई विचारतात, ‘फाइन म्हणजे छान असंच आम्हाला शाळेत शिकवलं, मग बिघडलं कुठे? आणि छान असेल तर दंडालाही फाइन का म्हणतात? क्रिकेटमधला फाइन लेग तरी कुणाच्या दृष्टीनं छान?’

शाळेत शिकवलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. इंग्रजी-मराठी अनुवाद आणि नोकरदारांना इंग्रजी शिकवणं यांवर माझं घर चालतं, आणि सोप्या वाटणाऱ्या विशेषणांत सगळ्यात जास्त घोळ मी याच शब्दाचा पाहिला आहे. अवघड शब्द असला की माणूस कोश उघडतो. ‘फाइन’साठी कोण उघडणार?

आधी जेवणाचं. हे विशेषण नामाच्या आधी आलं की कौतुक असतं. ‘अ फाइन मील’, ‘अ फाइन सिंगर’, ‘अ फाइन पीस ऑफ वर्क’, म्हणजे उत्तम, कसदार, दाद द्यावी असं. तेच क्रियापदानंतर आलं की अर्थ एकदम खाली उतरतो: चालेल, ठीक आहे, तक्रार नाही. ‘द फूड वॉज फाइन’ म्हणजे शंभरातले पस्तीस. पास झालात, पुढच्या वर्गात जा. यजमानीण सकाळपासून ओव्हनसमोर उभी असेल तर तिला हे प्रगतिपुस्तक कसं वाटेल, याची कल्पना करा. ‘द फूड वॉज लव्हली’, ‘डिलिशस’, गेला बाजार ‘रिअली गुड’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. गंमत म्हणजे ‘दॅट वॉज अ फाइन मील’ म्हटलं असतं तरीही चाललं असतं. जरा जुन्या वळणाचं वाटलं असतं इतकंच.

ऑफिसातही हेच. साहेबानं ‘द रिपोर्ट इज फाइन’ लिहिलं तर पेढे वाटू नयेत. त्याचा अर्थ एवढाच की बदल सुचवायचे नाहीत, पाठवून दे. आणि निरोपाला उत्तर म्हणून नुसतं ‘फाइन’ आणि पुढे पूर्णविराम आला, तर माणूस वैतागलेला असण्याची शक्यता बरीच. आपल्याकडे ‘बरं’ आणि ‘बरं बरं, कळलं’ यांत जो फरक आवाजानं होतो, तो तिथे त्या पूर्णविरामानं होतो. त्यापेक्षा ‘दॅट्स फाइन, थँक्स’ लिहावं, विषय मिटतो.

चहा विचारल्यावर समोरचा ‘आय अ‍ॅम फाइन, थँक्स’ म्हणाला तर तो तब्येत सांगत नाहीये, ‘नको’ म्हणतोय. आपल्याकडे पाहुणा एकदा नको म्हणाला तरी कप पुढे येतोच, आणि पाहुण्यालाही ते ठाऊक असतं. तिथे हा नकार पहिल्यांदाच खरा मानतात. उलट बाजूनंही लक्षात ठेवा: तुम्हाला चहा हवा असेल तर भिडेखातर ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणू नका, खरंच मिळणार नाही.

क्रियापदानंतर येऊनही खऱ्या अर्थानं चांगलं असा एक ठळक अपवाद आहे, हवामानाचा. ‘द वेदर वॉज फाइन’ म्हणजे आकाश मोकळं, पाऊस नाही. पण ‘फाइन रेन’ म्हणजे छान पाऊस नव्हे, भुरभुर पाऊस, बारीक थेंबांचा. इथून आपण या शब्दाच्या दुसऱ्या घराण्यात शिरतो आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

मूळ शब्द लॅटिन, ‘फिनिस’. अर्थ शेवट, हद्द, सीमा. अनेकवचनात तो शिवेसाठी, मुलखाच्या सरहद्दीसाठी वापरत. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘फिन’ झाला, आणि शेवट या अर्थाला लागून एक नवा अर्थ फुटला: शेवटापर्यंत नेलेलं, ज्याच्यापुढे आणखी सुधारणा उरली नाही असं. मराठी माणसाला ही उडी परकी वाटू नये. ‘पराकोटी’ आणि ‘पराकाष्ठा’ हे शब्दही टोक दाखवतादाखवताच पराकोटीचे झाले. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच झाली. तिच्यासोबत आलेल्या शब्दांत हाही होता आणि तेराव्या शतकात तो इंग्रजीत स्थिरावलेला दिसतो.

हा जुना अर्थ आज जिवंत पाहायचा असेल तर सराफाच्या पेढीवर जावं. ‘फाइन गोल्ड’ म्हणजे शुद्ध सोनं, गाळून गाळून शेवटाला नेलेलं. अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगातून ९१६ दिसतं, ती फाइननेस, हजारात किती भाग शुद्ध सोनं हे सांगणारी. २२ भागिले २४ करा, ०.९१६ येतात. म्हणजे २२ कॅरेटच्या १० ग्रॅम दागिन्यात फाइन सोनं ९.१६ ग्रॅम, बाकी तांबं, चांदी वगैरे. १८ कॅरेटला ७५०, १४ ला ५८५. इथे ‘फाइन’ म्हणजे सुंदर नाही, नाजूकही नाही. ओबडधोबड लगड सुंदर कुठे असते? पण तिच्यावर ९९५ असेल तर ती फाइनच.

शुद्ध करायचं म्हणजे काय करायचं? गाळायचं, चाळायचं, भरड बाजूला काढायचं. चाळणीखाली जे उरतं ते बारीक. शुद्धाकडून बारीकाकडे हा शब्द कसा सरकला असेल ते यावरून कळतं. आता त्याचा विरोधी शब्द ‘बॅड’ उरला नाही, ‘कोर्स’ झाला, म्हणजे भरड, जाडाभरडा. रवा घ्या, वाळू घ्या, सँडपेपर घ्या, सगळीकडे हीच जोडी.

गिरणगावात ज्यांच्या घरातलं कुणी कामाला होतं त्यांनी कोर्स, मीडियम, फाइन, सुपरफाइन ही कापडाची उतरंड ऐकलेली असेल. ती सुताच्या काउंटवर ठरे. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका त्याचा काउंट. ८० काउंटचं सूत म्हणजे पौंडात ८० लडी, म्हणजे ६७,२०० यार्ड, जवळजवळ ६१ किलोमीटर धागा, तोही अर्ध्या किलोहून कमी वजनात. आकडा जितका मोठा तितका धागा बारीक. कापड फाइन होतं ते या हिशेबानं. ते अंगाला छान लागायचं हा पुढचा भाग.

गोव्यात तर या विशेषणाचं नामच झालं आहे. खाणीच्या बातम्यांत ‘फाइन्स’ आणि ‘लम्प्स’ असे दोन शब्द येतात. साधारण १० मिलिमीटरपेक्षा बारीक लोहखनिज म्हणजे फाइन्स, त्याहून मोठे खडे म्हणजे लम्प्स. मांडवी आणि झुआरीतून बार्ज भरून मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या मालात फाइन्सचाच वाटा मोठा. एका नवख्या अनुवादकानं ‘आयर्न ओअर फाइन्स’चं भाषांतर ‘लोहखनिजावरील दंड’ असं केलेलं माझ्यासमोर तपासायला आलं होतं. वाक्य व्याकरणाला धरून होतं, बातमीचा विषय खाणींवरची कारवाई होता, त्यामुळे ते पटकन खपूनही गेलं असतं. मुंबईच्या हवेच्या बातम्यांत येणारे ‘फाइन पार्टिकल्स’ही याच कुळातले: २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. त्यांच्याइतकं वाईट काही नाही आणि तरी ते फाइन.

मराठीत या साऱ्याला ‘बारीक’ हा एकच फारसीतून आलेला शब्द पुरतो: बारीक रवा, बारीक सूत, बारीक नजर, बारीक विचार. पण तो आंधळेपणानं लावू नका. बारीक माणूस इंग्रजीत ‘फाइन’ होत नाही, ‘थिन’ किंवा ‘स्लिम’ होतो. केसांच्या बाबतीत तर दोन्ही शब्द चालतात आणि अर्थ वेगळे. ‘फाइन हेअर’ म्हणजे प्रत्येक केस तलम. ‘थिन हेअर’ किंवा ‘थिनिंग हेअर’ म्हणजे केस विरळ झालेत, टाळू दिसायला लागली. शॅम्पूच्या बाटलीवर कुठलं लिहिलंय ते वाचून घ्या. तलम पण दाट केस असणारे लोक असतातच.

आता दंड. तोही ‘फिनिस’चाच, पण दुसऱ्या वाटेनं आलेला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘फाइन’ म्हणजे वादाचा शेवट, कोर्टात झालेली तडजोड. जमिनीची मालकी पक्की करायची तर दोघं मिळून एक दावा उभा करायचे, बऱ्याचदा लुटुपुटीचाच, आणि कोर्टासमोर तो मिटवायचे. त्या दस्ताची सुरुवात लॅटिनमध्ये ‘ही अंतिम तडजोड’ अशी व्हायची. चामड्याच्या एकाच तुकड्यावर मजकूर तीनदा लिहायचा, मग नागमोडी कापायचा. दोन भाग दोन पक्षांना, तिसरा, तळाचा, सरकारी खजिन्यात. कुणी खोटा कागद आणला तर कापलेल्या कडा जुळत नसत. तळाचे तुकडे म्हणून त्यांना ‘फीट ऑफ फाइन्स’ म्हणतात आणि ११९५ पासूनचे तुकडे आजही इंग्लंडच्या अभिलेखागारात जपलेले आहेत. ही पद्धत १८३३ च्या कायद्यानं बंद झाली.

वाद मिटवायचा तर पैसे मोजावे लागत. मिटवण्याचं नाव हळूहळू पैशांना चिकटलं आणि पुढे शिक्षा म्हणून भरायच्या रकमेला. जुन्या फ्रेंचमधलं याच मुळाचं क्रियापद म्हणजे देणं चुकतं करणं. त्यातून ‘फायनान्स’ आला. म्हणजे कर्जाचा हप्ता आणि त्यावरचा लेट फाइन हे भाऊभाऊच, फक्त घरात कुणालाच नको असलेले.

अनुवाद करणाऱ्यांसाठी एक आडवी टीप. बोलताना आपण ‘फाइन बसला’, ‘फाइन मारला’, ‘दंड भरला’ काहीही म्हणतो. पण कायद्याच्या मराठीत ‘फाइन’ला द्रव्यदंड आणि ‘पेनल्टी’ला शास्ती म्हणतात. गुन्ह्याची शिक्षा म्हणून न्यायालय करतं तो द्रव्यदंड. महापालिका थकबाकीवर किंवा अनधिकृत बांधकामावर लावते ती शास्ती. दोन्हीकडे ‘दंड’ ठोकून दिला तर वाचणाऱ्याला समजेल, पण ‘फाइन ऑर पेनल्टी’ असं एकाच कलमात आलं की तुमची पंचाईत होईल.

ही सगळी भावकी एकाच ओळीत जमवण्याचं काम शेक्सपिअरनं केलं आहे. ‘हॅम्लेट’च्या पाचव्या अंकात, स्मशानात, हॅम्लेट एक कवटी पाहतो आणि ती एखाद्या वकिलाची, भरमसाट जमिनी खरेदी करणाऱ्याची असावी असं समजून म्हणतो: ‘इज धिस द फाइन ऑफ हिज फाइन्स… टू हॅव हिज फाइन पेट फुल ऑफ फाइन डर्ट?’ चार वेळा ‘फाइन’, चार अर्थ. पहिला शेवट, दुसरा जमिनीचा तो कोर्टातला दस्त, तिसरा देखणा, चौथा बारीक. त्याच्या फाइनांचा फाइन काय, तर फाइन डोक्यात फाइन माती. मराठीत हे आणायचा मी प्रयत्न केला आहे. ‘अंत’ आणि ‘अंतिम तडजोड’ जुळतात, तिसऱ्याला हात टेकावे लागतात. ज्याला जमेल त्याला माझा नमस्कार.

क्रिकेटचा ‘फाइन’ बारीक या घराण्यातला. दोन्ही बाजूंच्या स्टंपमधून एक सरळ रेघ काढा आणि ती यष्टिरक्षकाच्या मागे सीमारेषेपर्यंत वाढवा. फलंदाजाच्या मागे त्या रेघेच्या जितका जवळ क्षेत्ररक्षक, म्हणजे रेघेशी त्याचा कोन जितका निमुळता, तितका तो ‘फाइन’. खेळपट्टीशी काटकोनात गेला की ‘स्क्वेअर’. म्हणून फाइन लेग आणि स्क्वेअर लेग ही जोडी, आणि दोन्हींच्या मधे बॅकवर्ड स्क्वेअर लेग. समालोचक म्हणतो ‘चेंडू फारच फाइन गेला’, तेव्हा तो शॉटचं कौतुक करत नसतो. चेंडू यष्टिरक्षकाच्या बाजूनं, बारीक कोनातून मागे सटकला एवढंच सांगत असतो. कधीकधी तो बॅटची कड घेऊनही गेलेला असतो आणि फलंदाज मनातल्या मनात देवाचे आभार मानत असतो. (सामनाधिकारी मॅच फीमधून कापतात तो फाइन मात्र वर सांगितलेल्या दंडाच्या शाखेचा.)

नातेवाईक आणखीही आहेत. ‘डिफाइन’ म्हणजे हद्द आखणं, ‘कन्फाइन’ म्हणजे हद्दीत कोंडणं, ‘इन्फिनिट’ म्हणजे ज्याला हद्द नाही ते, ‘अफिनिटी’ म्हणजे शिवेला शीव लागलेली असणं. मला स्वतःला यातला ‘पॅराफिन’ फार आवडतो. १८३० च्या सुमारास रायशेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं मेणासारखा एक पदार्थ वेगळा काढला. तो कशाशीच सहज संयोग पावेना, म्हणून लॅटिनमधले ‘थोडं’ आणि ‘सोयरीक’ हे शब्द जोडून त्याचं नाव ठेवलं. सोयरीक नको असलेलं मेण, मेणबत्तीतलं.

वाक्प्रचार सगळे देत बसत नाही, कामाचे तेवढे. ‘कटिंग इट फाइन’ म्हणजे वेळ इतकी घट्ट धरणं की जराही सैल उरू नये. गाडी सुटायला दोन मिनिटं असताना जिना उतरणारा माणूस हे करत असतो. ब्रिटनमध्ये जास्त ऐकू येतं, अमेरिकेत तिथे ‘क्लोज’ म्हणतात. ‘नॉट टू पुट टू फाइन अ पॉइंट ऑन इट’ म्हणजे स्पष्टच बोलायचं तर. इथे टोक जास्त तासत बसत नाही, बोथट का होईना पण सांगतो, अशी कल्पना आहे. ‘फाइन प्रिंट’ म्हणजे करारातला बारीक अक्षरांतला मजकूर. आणि ‘फाइनर पॉइंट्स’ला आपला ‘बारकावे’ हा शब्द इतका चपखल बसतो की दुसरं काही शोधू नये. ‘फाइन आर्ट्स’ला मात्र बारीक करू नका. तो फ्रेंचमधल्या ‘सुंदर कला’ या शब्दप्रयोगावरून घेतलेला आहे आणि मराठीत ललित कला म्हणून पक्का आहे.

नामाआधी आला की कौतुक, हे वर सांगितलं, पण उपरोधात ते उलटतं. ‘अ फाइन फ्रेंड यू आर!’ म्हणजे ‘चांगला मित्र आहेस हं!’ आवाज तोच, डोळे तेच. हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

‘वन फाइन डे’ मात्र शिकवावं लागतं. आपल्याकडे ‘एके दिवशी’चं ते सरसकट भाषांतर झालं आहे. ‘वन फाइन डे माय ग्रँडफादर एक्सपायर्ड’ हे वाक्य मी अर्जांत वाचलं आहे, मुलाखतीत ऐकलं आहे. मराठी कानाला त्यात काही खटकत नाही. इंग्रजी कानाला मात्र तो ‘फाइन’ अजून ऐकू येतो, आणि आजोबा गेले तो दिवस छान होता असं वाटतं. ‘वन डे’ पुरेसं आहे.

आता व्याकरण, कारण तिथेच या दोन अर्थांची खरी परीक्षा होते. कौतुकाच्या आणि बारीकपणाच्या अर्थाला ‘फाइनर’, ‘फाइनेस्ट’ लागतात: फाइनर सूत, फाइनेस्ट गायिका. चर्चिलच्या १८ जून १९४० च्या भाषणातला ‘फाइनेस्ट अवर’ हा त्यातलाच. पण ‘ठीक आहे’ या अर्थाला तर-तम नाहीच. ‘आय अ‍ॅम फाइनर टुडे’ कुणी म्हणत नाही, ‘बेटर’ म्हणतात. ‘आय अ‍ॅम व्हेरी फाइन’ हे तर आपल्याकडच्या शाळांचं खास उत्पादन. ‘व्हेरी फाइन’ म्हटलं की सूत, पावडर किंवा कलाकृती डोळ्यांसमोर येते. तब्येतीला ‘व्हेरी वेल’ म्हणावं, किंवा नुसतं ‘फाइन’. जोर द्यायचाच तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली फाइन’, ‘परफेक्टली फाइन’ चालतं, कारण तिथे प्रश्न किती चांगलं हा नसून रेषेच्या आत की बाहेर हा असतो. शंका आली की हीच कसोटी लावा: ‘फाइनर’ बसतं का? बसत असेल तर तो दर्जाचा किंवा बारीकपणाचा अर्थ. बसत नसेल तर नुसता होकार.

क्रियाविशेषण म्हणूनही ‘फाइन’ तसाच राहतो: ‘द फॅन वर्क्स फाइन’. तिथे ‘फाइनली’ लावलं की अर्थ बदलतो. ‘फाइनली चॉप्ड ओनियन’ म्हणजे बारीक चिरलेला कांदा. आणि इथे उच्चाराचा एक सापळा आहे. बारीकवाला ‘फाइन्ली’ दोन घावांत संपतो, फाइन्-ली. अखेरीसवाला ‘फायनली’ तीन घावांत, फाय्-न-ली. दोन्ही त्याच ‘फिनिस’ची लेकरं, पण आपण दोघांना एकाच आवाजात हाक मारतो. स्वयंपाकाचा व्हिडिओ इंग्रजीत करणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी जणी ‘फायनली चॉप द ओनियन्स’ म्हणतात. ऐकणारा परदेशी माणूस मग वाट पाहत बसतो, की कांदा सगळ्यात शेवटी चिरायचा असेल तर आधी तेलात काय टाकायचं.